एक उणा

मासेमारी शिकायला येणारी माणसं दोन तऱ्हेची असतात, असं धम्मपालचं ठाम मत होतं. एकांना मासा हवा असतो आणि दुसऱ्यांना माशाबरोबर फोटो. त्यातले फोटोवाले बरे. त्यांना वीतभर रोहू पुरतो. तो हातात धरून दात काढायचे, पाण्यात परत सोडायचा, की झाली त्यांची तापी बघून. मासावाले मात्र तासाभरात रडकुंडीला येतात. मग ते गळाला नावं ठेवतात, कणकेला नावं ठेवतात आणि शेवटी नदीला. सहा वर्षं दर रविवारी हा तमाशा बघून धम्मपालच्या तोंडावर एक समजूतदार हसू कायमचं बसलं होतं. मनात तो काय म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आठवड्याचे सहा दिवस तो उधन्यातल्या एका डाईंग कारखान्यात फिटर होता. वडील परभणीकडून रेल्वेत गँगमन म्हणून सुरतेला आले. सुट्टीच्या दिवशी पोराला नदीवर नेऊन गळ टाकायला त्यांनीच शिकवलं. त्या छंदाचा धम्मपालने रविवारचा धंदा केला. सकाळी सहाला उधन्याहून गाडी निघायची. कामरेजच्या पुढे हायवे सोडून उसाच्या शेतांतून खाली उतरलं, की एक जुना घाट लागायचा. घाटासमोर दोनशे हात पाण्यापलीकडे एक लांबट वाळूचं बेट होतं, मधोमध झाऊची झुडपं असलेलं. तिथे सहा शिकाऊ न्यायचे आणि दुपारनंतर परत आणायचे. सहाच्या वर एकही नाही, कितीही ओळखीचा असो.

बोट हिलालची. हिलाल शिंदखेड्याकडचा. उधन्यात सत्तावीस वर्षं लूम चालवून कान अर्धे गेलेला आणि आवाज दुप्पट झालेला माणूस. धम्मपालपेक्षा बारा वर्षांनी मोठा. बोलायचा निव्वळ अहिराणी. दोघंही मराठीच, पण एकाची मराठी गोदावरीकाठची आणि दुसऱ्याची तापीकाठची, त्यामुळे सुरुवातीला रोज खटके उडायचे. हिलालच्या तोंडात ण नव्हताच. पाण्याला पानी, कोण म्हणजे कोन.

"हिलालभाऊ, तुमच्या बोलीतला ण कुणी पळवला हो?" धम्मपाल चिडवायचा.

"तुमना मराठवाडामा ठेवा," हिलाल म्हणायचा, "आमले कसाले जोयजे?" आम्हाला कशाला हवा.

पुढे पुढे धम्मपालच्या कानाला सवय झाली. हिलाल न म्हणाला की तो मनातल्या मनात ण लावून घ्यायचा, आणि काम अडत नसे.

गेल्या वर्षी त्याच बेटावर हिलालचा मुलगा गेला. लखन सव्वीस वर्षांचा होता, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कामाला. त्या रविवारी सुट्टी होती म्हणून बापाबरोबर नुसता आला होता. रीळ-बिळ त्याला आवडत नसे, तो हातानेच दोरी टाकायचा. दुपारी त्याचा गळ पाण्यात कुठेतरी अडकला आणि तो सोडवायला तो उतरला. निघायच्या वेळी धम्मपालने माणसं मोजली. सहा नेली होती, सहा भरली. लखन मोजण्यात नव्हताच. तो गिऱ्हाईक नव्हता, घरचा होता. घरच्या माणसाला कोण मोजतं? वीस मिनिटं सगळे समजत होते, की तो झुडपामागे गेलाय. फायर ब्रिगेडच्या माणसांनी चार दिवस नदी धुंडाळली. दोरी सापडली, लखन सापडला नाही.

मालतीबाईंनी, म्हणजे लखनच्या आईने, तो गेला हा शब्द तोंडातून काढला नाही. कुणी समाचाराला आलं की त्या एवढंच म्हणायच्या, "आखो उना नही." अजून आला नाही. उना म्हणजे आला. धम्मपालला हे अहिराणी वाक्य कळायला कधीच त्रास पडला नाही, आणि ते ऐकलं की त्याला जेवण जात नसे.

त्यानंतर दोघांनी नियम केले. प्रत्येकाला नारिंगी जॅकेट, सहाच जॅकेटं. बेटावरून निघताना धम्मपालने मोजायचं, घाटावर उतरल्यावर हिलालने पुन्हा मोजायचं आणि ओरडून सांगायचं. सगळे असले तर "भरले" आणि कमी असला तर "एक उणा". हा दुसरा शब्द धम्मपालचा, त्याच्या आईच्या तोंडचा. वर्षभरात तो ओरडायची वेळ आली नव्हती. हिलाल मात्र बेटावर पाय ठेवेनासा झाला. माणसं उतरवायची आणि लगेच बोट फिरवून घाटावर जाऊन बसायचं, ते थेट हाक येईपर्यंत. मग तुम्ही येता तरी कशाला, असं धम्मपालने त्याला एकदाही विचारलं नाही.

होळी होऊन आठवडा झाला होता. त्या रविवारी सहाजण आले ते असे: कापड मार्केटातले तीन मित्र, तिघेही फोटोवाले. कतारगामचे हिरे घासणारे एक काका आणि त्यांचा जावई. हे दोघे मासावाले, त्यातही काका फार. आणि सहावी दिपाली, उधन्याचीच, खानदेशी घरातली. एका साड्यांच्या डिझाइनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. एकटी आली होती. आठवडाभर डोळ्यांपुढे वेलबुट्ट्या नाचतात, मला एक दिवस नुसतं पाणी बघायचंय, असं तिने गाडीतच सांगून टाकलं होतं. धम्मपालला ती आवडली. नुसतं पाणी बघायला येणारं गिऱ्हाईक त्याला सहा वर्षांत भेटलं नव्हतं.

त्याने सगळ्यांना जॅकेटं घातली, बंद स्वतः ओढून बघितले, आणि नेहमीचं व्याख्यान दिलं.

"झुडपांच्या पुढं जायचं नाही. वरच्या टोकाला गाळ हाय, वरून वाळू दिसते पण पाय ठेवला की माणूस खाली. दुपारी तीनच्या पुढं वरून धरणाचं पाणी येतं, ते आधी तिथंच चढतं. कळलं?"

"भाई, माछली क्यारे आवशे?" काकांनी विचारलं. मासा कधी येणार.

"आधी गळ पाण्यात जाऊ द्या, काका."

अकरापर्यंत सगळं रोजच्यासारखं चाललं. मित्रांनी एक शिवडा धरला आणि त्याच्याबरोबर चाळीस फोटो काढले. बिचाऱ्या माशाचा जीव दमला. काकांचा गळ तीनदा तुटला. ऊन चढलं तशी बेटावरची बडबड कमी झाली. बाराच्या सुमारास तर पाखराचासुद्धा आवाज येईना. नदी वाहते आहे की थांबली आहे हे दोरीवरच्या तरंग्याकडे बघून कळलं असतं, पण सहाही तरंगे खिळून उभे होते.

धम्मपाल झुडपाच्या सावलीत कणीक मळत बसला होता. हात धुवायला उठला आणि सवयीने त्याने मोजलं. पाण्याकडे तोंड करून सगळे ओळीने बसले होते. पाठी मोजल्या, सात भरल्या.

त्याने पुन्हा मोजलं. तीन मित्र, काका, जावई, दिपाली. हे सहा. त्यांच्या पलीकडे, ओळीच्या टोकाला, सातवी पाठ होती. तिच्यावर जॅकेट नव्हतं. पांढरा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, इतका की पाठीचे मणके दिसत होते. हातात रॉड नव्हता. एक हात पुढे होता, दोरी धरल्यासारखा.

धम्मपाल वाळूतून वळसा घालून पुढच्या बाजूला गेला. पाण्यात घोटाभर उतरला आणि तोंडं मोजली. सहा. ओळीच्या टोकाला नुसती वाळू होती.

"काय बघताय?" दिपालीने विचारलं.

"काही न्हाई. ऊन लागलंय मला," तो म्हणाला. ते खरं मानायची त्याची पूर्ण तयारी होती. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्याला टोपी नाही, पोटात सकाळपासून फक्त चहा. एवढी कारणं असताना आणखी कशाला शोधायचं? तो दोन ग्लास पाणी प्यायला आणि त्याने मागे जाऊन पुन्हा मोजायचं टाळलं.

तेवढ्यात काकांनी त्याला हाक मारली. त्यांचा गळ पुन्हा दोरीला बांधलेला होता आणि ते भलतेच खूश होते.

"तमारो माणस सारो छे," ते म्हणाले. तुमचा माणूस चांगला आहे. "मी दोरी हातात घेऊन बसलो होतो, त्याने येऊन गाठ मारून दिली. बोलत नाही फारसा."

"कोण माणूस?"

"अरे तोच, तुमचा. शर्ट भिजलेला."

धम्मपालने ती गाठ हातात घेतली. गळ बांधायची गाठ तो सगळ्यांना एकच शिकवायचा, पाच वेढ्यांची, जाडसर. ही ती नव्हती. ही बारीक, चपटी गाठ होती, बोट फिरवलं तर लागूही नये अशी. लूमवर तुटलेला धागा सांधायला कारागीर अशी गाठ मारतात. मासेमारीत ती कुणी वापरत नाही, ओल्या दोरीला ती सुटते. हे त्याने एका माणसाला शंभरदा सांगितलं होतं, आणि तो माणूस हसून म्हणायचा, "धम्माकाका, बापाने हीच शिकवली."

धम्मपालने दोरी खाली टाकली. तो घाबरला, हे उघड सांगायला हवं. भुताखेताच्या गोष्टींना घरात थारा न देणाऱ्या बापाचा तो मुलगा. तरी त्या उन्हात त्याच्या अंगावर काटा आला आणि खाली बसेना. त्याच्या मनात एकच गोष्ट होती: या सहाजणांना घरी न्यायचं. आत्ता. मासे गेले खड्ड्यात.

"चला, आवरा," तो ओरडला. "जेवण घाटावर करू. जॅकेटं काढू नका कुणी."

मित्रांनी कुरकुर केली, काकांनी तर वादच घातला, पण धम्मपालचा चेहरा बघून सगळे उठले. त्याने घाटाकडे हाक दिली. हिलाल बोट घेऊन आला. नेहमीसारखा बेटाकडे पाठ करून, वल्हं हातात धरून बसला. एका फेरीत तिघं बसायचे. पहिल्या फेरीला तिघे मित्र गेले, तीन जॅकेटं. दुसऱ्या फेरीच्या वेळी धम्मपाल रॉड गोळा करत होता. त्याने मान वर करून बघितलं. बोट सुटत होती आणि तिच्यात तीन नारिंगी पाठी होत्या. काका, जावई आणि पुढच्या टोकाला तिसरी. तीन आणि तीन सहा. त्याने हुश्श केलं.

तोंडं बघायची त्याला हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर एवढंच.

बेटावर आता तो एकटा होता. रॉड, स्टोव्ह, ताडपत्री, दोरखंड असं सामान त्याने एका जागी आणलं. बोट पलीकडे लागली. माणसं उतरताना दिसली, चेहरे नाही, पण नारिंगी ठिपके स्पष्ट. एक, दोन, असं करत सहा. आता हिलाल मोजेल आणि "भरले" म्हणून ओरडेल, मग आपली पाळी.

हिलाल ओरडला. पण तो आवाज धम्मपालने पूर्वी कधी ऐकला नव्हता. फाटलेला, चिरकलेला, पाण्यावरून सरळ चालत आला.

"उना! धम्मा! एक उना!"

एक उणा.

समोर सहा ठिपके दिसत होते, पण डोळ्यांवर विश्वास ठेवायला तो दिवस नव्हता. एक उणा, म्हणजे एक बेटावर. धम्मपाल वळला आणि झुडपांकडे धावत सुटला.

"दिपाली!"

तिचं नाव का घेतलं हे त्याला सांगता आलं नसतं. झुडपांच्या पलीकडून उत्तर आलं, अगदी बारीक. वरच्या टोकाला, वाळूसारख्या दिसणाऱ्या त्या गाळात दिपाली कमरेपर्यंत रुतलेली होती. अंगावर जॅकेट नव्हतं. ती ओरडून ओरडून दमली असावी, कारण आता नुसते ओठ हलत होते. आणि पाणी आलेलं होतं. तीन वाजायचे होते, तरी आलेलं होतं, तिच्या बरगड्यांशी खेळत होतं.

"हलू नका," तो म्हणाला. "अजिबात हलू नका. मी आलो."

तो परत धावला, ताडपत्री आणि दोरखंड घेऊन आला. जाता-येता घाटाकडे तोंड करून तीनदा ओरडला, "हिलालभाऊ, बोट आणा! वरच्या टोकाला! बोट आणा!"

बोट हलली नाही. हिलाल घाटाच्या पायरीवर उभा होता. त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, नारिंगी जॅकेटातलं एक माणूस उभं होतं. बाकीचे पाच बाजूला. हिलालने बेटाकडे मानही वळवली नाही.

बहिरं म्हातारं, असं धम्मपाल मोठ्याने म्हणाला आणि गाळावर ताडपत्री पसरून तिच्यावर पोटावर पडला. सरकत सरकत त्याने दिपालीला गाठलं. दोरखंड तिच्या काखेतून घातला. दुसरं टोक झाऊच्या बुंध्याला बांधलं होतं. मग ओढायला सुरुवात केली. एकदा ओढायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा ओढायचं. गाळ सोडेना. पाणी तिच्या गळ्याशी आलं तेव्हा तिने डोळे मिटले. धम्मपालने तिला शिव्या घातल्या, परभणीच्या खास ठेवणीतल्या, आणि त्या ऐकून तिने डोळे उघडले. त्याला रडू येत होतं. आणखी एक नको, एवढंच तो म्हणत होता, कुणाला ते माहीत नाही. शेवटी एक मोठा आवाज झाला आणि ती सुटली. दोघे ताडपत्रीसकट वाळूवर येऊन पडले.

त्याच क्षणी घाटावरून एक हंबरडा ऐकू आला.

धम्मपालने मान उचलून बघितलं. घाटावर नारिंगी ठिपके पाच होते. पायरीवर हिलाल गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचे दोन्ही हात पुढे होते, मोकळे.

बोट घेऊन शेवटी मार्केटातले दोघे मित्र आले. वल्हं मारायचं कसं ते कुणालाच माहीत नव्हतं. बोट दोनदा गोल फिरली, एकदा उलटी गेली, पण आली. एरवी धम्मपाल पोट धरून हसला असता. त्याने दिपालीला उचलून आत ठेवलं.

"झुडपांच्या पुढे का गेलात?" त्याने विचारलं. रागावायचं होतं, ते जमलं नाही.

"तुमच्या माणसाने बोलावलं," दिपाली म्हणाली. तिचे दात वाजत होते. "पहिली बोट गेल्यावर गरम होत होतं म्हणून मी जॅकेट काढून ठेवलं. तो पलीकडून हाताने खुणा करत होता. गळ अडकलाय, जरा हात द्या, असं. माझे पप्पा लूमवर होते, तिथल्या गोंगाटात खुणांनीच बोलतात, त्या मला कळतात. मला वाटलं, बिचारा एकटाच ओढतोय."

पुढे बसलेला मित्र वल्हं थांबवून ऐकत होता. "वो तो हमारे साथ आया ना," तो म्हणाला. "नहीं, दूसरी बार में. आगे बैठा था. फिर किधर गया?"

घाटावर काका आणि जावई गाडीला टेकून उभे होते, चेहरे पांढरे. पायरीवर सहावं जॅकेट पडलेलं होतं. त्याचे तिन्ही बंद लावलेले होते, कुणी ते काढलंच नव्हतं, आणि त्यातून पाणी निथळत होतं. मित्रांनी दिपालीला गाडीकडे नेलं, अंगावर चादर दिली, कुणीतरी चहा ओतला.

धम्मपाल हिलालपाशी जाऊन बसला.

"बरं झालं ओरडलात," धम्मपाल म्हणाला. "तुम्ही उणा म्हणाला नसता तर मी तिथंच रॉड बांधत बसलो असतो. गेली होती ती पोरगी."

हिलालने त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी कमी नही म्हनं, धम्मा," तो म्हणाला. "उना म्हनं."

धम्मपालला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला. उना, म्हणजे आला. वर्षानुवर्षं त्याने या माणसाच्या प्रत्येक न ला ण लावला होता, तसाच आजही लावला होता.

"मना म्होरे उभा व्हता," हिलाल सांगत होता, हळू, त्याला जमेल तेवढं हळू. "लखन. वला कच्च. मनाकडे देखी ऱ्हायंता. हात लावनं बाकी व्हतं. तेवढामा तू तिले भाईर काढं."

तेवढ्यात धम्मपालने तिला बाहेर काढलं होतं. तिकडे गाळाने दिपालीला सोडलं आणि इकडे जॅकेट रिकामं झालं. हे हिलालने जोडलं होतं, आणि आता त्यानेही जोडलं. पण त्याला खुपत होतं ते वेगळंच. बोट का आली नाही? तो त्या प्रश्नाकडे सरळ जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याने हिलालला निसटायला वाट करून दिली.

"मी तीनदा हाक मारली, हिलालभाऊ. बोट आणा म्हणून. लांब होतं. तुमच्या कानांचं असं. ऐकू आलं नसेल."

हिलाल ती वाट घेऊ शकला असता. सत्तावीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला कुणी दोष दिला नसता, आणि पुन्हा कधी हा विषय निघाला नसता.

"आयकू उनं," हिलाल म्हणाला. "तीन्ही डाव आयकू उनं."

धम्मपाल त्याच्याकडे वळला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, ती तिकडं आहे."

"मी मोजं ना. मालेबी मोजता येस. सहा व्हतात आन त्यामा लखन व्हता. मंग जी नही ती तठेच ऱ्हायनी, बेटवर." त्याने तळहातांनी तोंड झाकून घेतलं. "माले ती पोर दिसनीच नही, धम्मा. मी फक्त मना पोऱ्याले देखं."

रागावावं की त्याला जवळ घ्यावं हे धम्मपालला कळेना. त्याला हिलालची भीती वाटली, हे खरं आहे. आणि घरी असलेल्या आपल्या पोरीला जर असं काही झालं, आपल्यासमोर ती अशी उभी राहिली, तर आपण बोट घेऊन निघू का, हा विचार त्याने मनात येऊ दिला आणि लगेच तोडला. त्याने हिलालच्या पाठीवर हात ठेवला. तो तसाच ठेवून बसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पावलं वाजली. दिपाली आली होती. चादर गुंडाळलेली, केसांतून गाळ ओघळत असलेली, पण स्वतःच्या पायांवर. तिने धम्मपालचे आभार आधीच मानले होते. आता ती हिलालकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली. हिलाल खानदेशी आहे हे तिला गाडीतच कळलं होतं, म्हणून ती घरच्या बोलीवर आली. "तुमनी हाक आयकीसन ह्या काका धावत उनात. तुम्ही नही ऱ्हातात तर मी मरी जाती."

ती वाकली. हिलाल झटकन उठून मागे सरला. एक पायरी, दुसरी पायरी, मग त्याचे पाय पाण्यात गेले. तो घोटाभर पाण्यात उभा राहिला, दोन्ही हात वर धरून, नको नको म्हणत. दिपालीला वाटलं, म्हातारा लाजतोय. ती हसली, दोन पायऱ्या उतरली आणि पाण्यात हात घालून तिने त्याच्या पावलांना हात लावला.

धम्मपालकडे हिलालने एकदाच बघितलं. सांग, असं ते बघणं होतं. सांग तिला. धम्मपालने मान खाली घातली आणि ओला दोरखंड गुंडाळू लागला.

हिलालचा हात बराच वेळ हवेत राहिला. मग तो तिच्या चिखलाने भरलेल्या डोक्यावर टेकला.

"तुनी माय शे का, बेटा?" त्याने विचारलं.

"शे ना. घर वाट देखी ऱ्हायनी."

"मंग जाय," हिलाल म्हणाला. "बेगी जाय."

ती वर निघून गेली. हिलाल पाण्यातून बाहेर येईना. गाडीत सगळे बसले, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तरी तो तिथेच उभा होता. शेवटी धम्मपाल खाली उतरला, त्याच्या शेजारी पाण्यात उभा राहिला आणि त्याचा दंड धरून त्याला हळूहळू काठावर घेऊन आला.